बरोबरीचे फेटे

फुटबॉल क्लबाचा पगारी सेक्रेटरी म्हणजे नक्की काय करणारा माणूस, असं आमच्या सूनबाईंनी परवा विचारलं. मी म्हटलं, सगळं करणारा आणि फोटोत नसणारा. दिवाळी अंकाच्या संपादकांना मात्र 'त्या काळच्या खेळाडूवृत्तीच्या हृद्य आठवणी' पाहिजेत, तसं त्यांचं पत्रच आलंय. ज्यांच्याकडे हृद्य आठवणी असतील त्यांच्याकडून त्यांनी खुशाल घ्याव्यात. युद्धाच्या आणि नंतरच्या काही वर्षांत मी सांगलीच्या कृष्णाकाठ फुटबॉल क्लबाची सेक्रेटरीकी केली. त्या वर्षांत माझ्याजवळ साठलं ते हृद्य वगैरे काही नाही. छापायचं असेल तर छापा, नाहीतर दिवाळीच्या फराळाला अंकाचा कागद कामाला येईलच.

आधी धंदा सांगतो, कारण आजकालच्या लोकांना वाटतं बॉल दुकानात मिळतो. आमच्या वेळचा बॉल म्हणजे वर चामड्याचं कव्हर, आत रबराचा फुगा आणि तोंडाला चामड्याची वादी. डोक्यानं मारला आणि वादीची बाजू लागली, तर कपाळावर दोन दिवस वण राहायचा. युद्धात रबर दिसेनासं झालं. फुगा फुटला की मी तो सायकलवाल्याकडं नेई आणि तो पंक्चर काढून देई. आमच्या एका फुग्याला इतकी ठिगळं होती की मूळ रबर शोधावं लागे. मैदानाच्या रेघा चुन्यानं आखायच्या, चुना मिळाला नाही तर वखारीतल्या राखेनं. राखेचं एक होतं, जोराचा वारा सुटला की अख्खी पेनल्टी एरिया उडून नदीत जायची. मग पंच आणि खेळाडू ती कुठं होती यावर भांडत बसायचे. शिवाय वरच्या लीगची इंग्रजी पत्रं वाचणं आणि त्यांना इंग्रजीत उत्तरं देणं हे माझं खास काम. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही, पण इंग्रजी येतं म्हणून अख्खी सांगली मला मास्तर म्हणे.

वरची लीग आणि खालची लीग हे प्रकरणही समजून घ्या. वरच्या लीगमध्ये मुंबई-पुण्याच्या मिलचे, रेल्वेचे आणि पलटणींचे संघ होते. तिथले खेळाडू कागदोपत्री हौशी. रजिस्टरात एक फिटर, दुसरा जॉबर, तिसरा फायरमन, आणि तिघांच्याही हाताला तेलाचा डाग कधी लागलेला नाही. आमचं उलट होतं. खालच्या लीगमध्ये सातारा, कऱ्हाड, मिरज, सांगली, औंध अशा गावांचे संघ, आणि आमचे लोक खरोखरच हमाल, सुतार, टांगेवाले. दिवसभर पाठ मोडून संध्याकाळी ते हौशी व्हायचे. ही खालची लीग आमच्यावर उपकार म्हणून काढली असं वरचे लोक सभेत सांगत. उपकार कसले डोंबलाचे! युद्धात त्यांचे खेळाडू पलटणीबरोबर देशोधडीला लागले, संघ रिकामे पडले, तेव्हा साहेबलोकांना एकदम आमची गावं नकाशावर दिसली.

नियमांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलं होतं की दोन्ही लीगचं नातं थोरल्या-धाकट्या भावांचं आहे. थोरल्यानं धाकट्याच्या ताटातली भाकरी उचलायची आणि धाकट्यानं शेजारी बसून माशा वारायच्या, असं ते नातं. वरच्या क्लबाला आमचा कुठलाही खेळाडू आवडला की त्यांनी एक पत्र पाठवायचं. आम्ही त्याला चिठ्ठी म्हणत असू. चिठ्ठी आली की खेळाडू सोडायचाच. क्लबानं अडवलं तर क्लबाचं नाव लीगमधून कापलं जाई. वरच्यांचा खेळाडू मात्र आम्हाला मागता यायचा नाही, तशी चिठ्ठीच छापलेली नव्हती.

आमचा लेफ्ट आउट दत्तू, टांगेवाला, असाच गेला. मुंबईच्या एका मिलनं त्याला चिठ्ठी पाठवून नेला, बूट दिले, टोपी दिली, आणि वर्षभर बाकावर बसवून ठेवला. मला कोडं पडलं. खेळवायचा नव्हता तर नेला कशाला? मिलच्या सेक्रेटरींना मी तसं पत्र लिहिलं. त्यांचं छान टाइप केलेलं उत्तर आलं, की दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून नेला. दत्तू परत आला तेव्हा त्याचा घोडा भावानं विकला होता. बूट मात्र नवेकोरे होते. आमच्या बाजारात त्या बुटांना गिऱ्हाईक मिळेना.

आता यातून सुटायची एकच वाट होती. वर्षाच्या शेवटी खालच्या लीगमधला पहिला आणि वरच्या लीगमधला शेवटचा, यांच्यात एक कसोटीचा सामना व्हायचा. जिंकला तो पुढच्या वर्षी वर. वर गेलात की तुमच्या खेळाडूंना चिठ्ठी लागू नाही. आमच्या हळदीच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्यांनी तर जाहीर केलं होतं, संघ वर गेला तर अकराही जणांना त्यांच्या तेलाच्या गिरणीत कायमची नोकरी. दानत मोठी होती असं नाही. वरच्या लीगच्या संघामागं आपलं नाव लागावं एवढीच हौस. पण हौशेपोटी का होईना, कुणाच्या चुलीवर दोन वेळा काही शिजणार असेल तर मी हौशेला नावं ठेवत नाही.

आमचे अध्यक्ष होते आबा वस्ताद. लाकडाची वखार, एक तालीम आणि चार म्हशी यांचे मालक. तरुणपणी मोठे पैलवान, कान चुरगळलेले, मान आणि खांदा यांच्यात फरक नाही. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मैदान त्यांचं, खेळाडूंना दूध त्यांचं, म्हणून अध्यक्षही तेच. फुटबॉलला ते 'पायाची कुस्ती' म्हणत. सामना बघताना मधेच ओरडत, "आरं, धर की त्येला! खाली घे!" पंच त्यांच्याकडं बघून मान हलवून सोडून देई.

आबांनी खालच्या लीगमध्ये एक चाल पाडली होती. कुस्तीच्या फडात तोडीस तोड जोड लागली, बराच वेळ कुणी चितपट होईना, की वडीलधारे लोक फडात उतरतात, दोघांचे हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघांनाही फेटे. त्यात कमीपणा नाही, उलट मान आहे. आमचा कुठलाही सामना बरोबरीत संपला की आबा मैदानात जाऊन दोन्ही कप्तानांचे हात वर करीत, फेटे बांधीत आणि हलगी वाजे. मिरजेला, कऱ्हाडला, औंधाला, सगळीकडं हे चाले. लोकांना आवडे, आणि साखळी सामन्यात बरोबरी म्हणजे बरोबरीच, त्यामुळं काही बिघडतही नसे. मी आपला पुस्तकात 'बरोबरी' लिहून टाकत असे. कसोटीच्या सामन्याचा नियम मात्र वेगळा होता. तिथं बरोबरी झाली तर पाच मिनिटं थांबून अर्धा तास जादा खेळ, आणि जादा खेळाआधी जो संघ मैदान सोडेल त्यानं सामना सोडला असं धरायचं. सामन्याच्या आधी मी वखारीत जाऊन सगळे नियम आबांना मराठीत वाचून दाखवायला बसलो होतो. सातव्या नियमाला आबा म्हणाले, "मास्तर, बास करा. कायदा तुमच्या खिशात ऱ्हाऊ द्या, माज्या डोस्क्यात कुस्तीचा हाय त्यो बास हाय." मीही बंद केलं. चहा आला होता.

आता बिरूबद्दल. बिरू आमचा सेंटर फॉरवर्ड, आटपाडीकडच्या धनगराचा. मेंढरं घेऊन नदीकाठाला चारायला आला तेव्हा आमचा बाहेर गेलेला बॉल त्यानं अनवाणी पायानं असा काही परत मारला, की आमचा गोलकीपर बॉलसकट जाळ्यात गेला. आबांनी त्याला तिथंच ठेवून घेतला. दिवसा हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीतल्या कोठारांवर, हमाली, संध्याकाळी फुटबॉल. घोट्याला कापडी पट्टी बांधून तो अनवाणी खेळे, आमचे बहुतेक सगळेच तसे. त्याचा बाप दोन्ही डोळ्यांनी अधू झालेला, गावाकडं मेंढरांजवळ राही. बिरू दर पंधरवड्याला दोन दिवस पायपीट करून जाई, बापाला धान्य भरून देई, मेंढरं बघून परत येई. कळपाचा सगळा कारभार अजून बापाचाच होता. एकेक मेंढरू तो हातानं चाचपून ओळखायचा.

त्या वर्षी आम्ही खालच्या लीगमध्ये पहिले आलो. वरच्या लीगमध्ये शेवटची आली ती दत्तूला नेणारीच मिल. आणि सामन्याच्या आठवडाभर आधी बिरूची चिठ्ठी आली. त्याच मिलची! चिठ्ठीखाली सौजन्यानं टीप होती, की सामना आपण जिंकल्यास हे पत्र रद्द समजावे. मी बिरूला बोलावून सांगितलं. तो वखारीच्या ओंडक्यावर बसून ऐकत होता.

"म्हंजी जितलो तर सांगलीत, न्हाईतर म्हमईला?"

"तसंच."

"म्हमईस्नं पंधरवड्याला घरी येता यील?"

"वर्षातून एकदा आलास तरी पुष्कळ झालं."

"मग जितायचं," बिरू म्हणाला. "बा मेंढरांबिगर जगायचा न्हाई, आन् माज्याबिगर मेंढरं ऱ्हायची न्हाईत."

सामना साताऱ्याला ठेवला होता, दोघांना मध्ये पडतं म्हणून. आम्ही मिरजेहून गाडीनं सातारा रोडला उतरलो आणि तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं गावात आलो. चढ आला की मोटार धापा टाकी आणि आमचा संघ खाली उतरून तिला ढकले. वरच्या लीगच्या संघाला कुणीतरी खासगी गाड्या दिल्या होत्या. पेट्रोल कुठून मिळालं हे विचारायचं नसतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला मैदान, खाली मुरूम, भोवती सगळा सातारा लोटलेला. आबांनी सांगलीहून हलगीवाला आणि फेट्यांचं गाठोडं बरोबर आणलं होतं. जिंकल्यावर बांधायला, असं मी समजलो.

मिलचे सेक्रेटरी पांढरी पँट आणि सोला हॅट घालून खुर्चीत बसले होते. त्यांना मी हॅटवाले म्हणेन. बोलणं लोण्यासारखं. "तुमच्या खेळाडूंचे पाय पाहून कौतुक वाटतं हो," असं मला म्हणाले. मुंबईत बैलाच्या बाजारात गेल्यावर ते काय बोलत असतील ते मला कळलं. पंच होते एक निवृत्त सुभेदार, ताठ, मिशीला पीळ, आणि संपूर्ण मैदानात मी आणि हॅटवाले सोडून नियम वाचलेला तोच एक माणूस.

सामना कसा झाला हे रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यातले निम्मे तिथं नव्हते. पूर्वार्धात त्यांनी पेनल्टीवर गोल केला. त्यांचे बूट आमच्या पोरांच्या नडग्यांवर वाजत होते. उत्तरार्धात बिरूनं दोघांना चकवलं, तिसऱ्याचा बूट घोट्यावर खाल्ला, आणि पडता पडता डाव्या पायानं बॉल जाळ्यात घातला. एक-एक. शेवटची दहा मिनिटं तर मिलचा संघ बॉल मैदानाबाहेरच मारत होता. वरच्या लीगचा संघ, बुटात, आमच्या हमालांना भिऊन! मी आयुष्यात इतका कधी खूश झालो नाही. वेळ संपली, सुभेदारांनी शिट्टी वाजवली आणि पाच मिनिटांची सुट्टी दिली. मिलचे खेळाडू गळून खाली बसले होते. आमचे उभे होते. जादा अर्ध्या तासात आम्ही त्यांना फाडून खाल्लं असतं.

आणि आबा उठले. गाठोडं काखेत मारून मैदानात चालायला लागले.

मला क्षणात कळलं. मी उठलो, खिशातल्या पुस्तकावर हात ठेवला आणि दोन पावलं टाकली. तेवढ्यात हलगी कडाडली. आबांनी दोन्ही कप्तानांचे हात धरून वर केले आणि ओरडले, "बरोबरी! बरोबरीत सुटली! सातारकरांनू, अशी जोड पुन्हा बगाय मिळायची न्हाई!" सातारा म्हणजे कुस्तीचं गाव, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टोप्या उडाल्या. लोक दोरी तोडून आत घुसले. आबांनी मिलच्या कप्तानाला फेटा बांधला, आपल्या कप्तानाला बांधला, आणि मी शहाण्यासारखं काही बोलायच्या आत माझ्याही डोक्याला एक गुंडाळला. आमच्या खेळाडूंना लोकांनी खांद्यावर घेऊन रेघेबाहेर नेलं.

हॅटवाले खुर्चीतून हलले नाहीत. आधी गालात हसले. मग त्यांनी आपल्या खेळाडूंना हळूच खूण केली. फेट्यासकट त्यांचा कप्तान आणि उरलेले दहा जण मध्यरेषेवर जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं संपल्यावर सुभेदारांनी एकदा शिट्टी वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. हलगीत ती कुणाला ऐकू येणार?

सुभेदारांनी मला बोलावलं. "मास्तर, नियमानं तुम्ही मैदान सोडलंत. पण मला दिसतंय काय झालं ते. उजेड आहे अजून. तुमचे गडी आत आणा, मी खेळवतो."

"आमची हरकत आहे," हॅटवाले म्हणाले. "अर्थात आम्ही खेळाडू माणसं. अध्यक्षांनी इथं, लोकांसमोर, चूक झाली असं सांगावं, आम्ही लगेच खेळू. नाहीतर या निकालावर त्यांची सही आणा." इंग्रजीतला छापील नमुना त्यांच्याजवळ तयारच होता. 'कृष्णाकाठ संघाने सामना सोडला' एवढाच मजकूर हातानं भरला. खाली अध्यक्षांची सही झाली की त्यावर तक्रार करता येत नव्हती. सुभेदार म्हणाले, "जा मास्तर, सांगा त्यांना. एका वाक्याचं काम आहे."

एका वाक्याचं! मी कागद घेऊन आबांकडं गेलो. आबांना लोकांनी टेबलावर उभं केलं होतं. त्या पैलवानाचे डोळे पाण्यानं भरले होते. मुंबईच्या संघाबरोबर बरोबरी! खाली बिरू बसला होता, घोटा सुजलेला, पट्टी सुटलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मास्तर, बांदू का परत?"

मी म्हटलं, "असू दे."

आबा वरून वाकले. "कशाचा कागद हो?"

"निकालाचा, आबा. सही पाहिजे तुमची."

"काय लिवलंय?"

"बरोबरी लिहिलंय."

"वाचून दावा की. समद्यास्नी ऐकू द्या."

आणि मी वाचलं, खणखणीत आवाजात! सांगलीचा कृष्णाकाठ संघ आणि मुंबईचा मिलचा संघ तुल्यबळ लढले आणि सामना सन्मानानं बरोबरीत सुटला. त्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून वळणदार मोडीत सही केली. मी तो हॅटवाल्यांना नेऊन दिला. सुभेदारांनी सही बघितली, माझ्या फेट्याकडं बघितलं आणि शिट्टी खिशात टाकली.

का केलं असं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. म्हाताऱ्याचं मन मोडवेना, हे उत्तर सोयीचं आहे आणि थोडं खरंही आहे. पण जास्त खरं हे की चार लोकांत उभं राहून वस्तादाला 'तुम्ही चुकलात' म्हणायची माझी छाती नव्हती. वरच्या लीगला मी इतकी वर्षं नावं ठेवतोय. त्यांनी आम्हाला लुबाडलं ते उघड, छापील नियमांनी. आमचा सामना मात्र मी घालवला.

सांगलीला आल्यावर आबांनी विचारलं, बरोबरी झाली तर मग आपण वर का नाही? मी म्हटलं, बरोबरीत ज्यानं त्यानं आपल्या जागी राहायचं असा कायदा आहे. आबांनी मान डोलावली. "बराबर हाय. गदा ज्याची त्येच्याकडंच ऱ्हाती." एक खोटं सांभाळायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. सवय झाली की जड जात नाही.

मग मिलचं स्मरणपत्र आलं, बिरूला आठ दिवसांत पाठवा. आबा खवळले. "फाडा ती चिठ्ठी! बरोबरीनं लढल्याव गडी मागत्यात व्हय? लाज न्हाई? बिरू कुटं जात न्हाई. लिवा त्येस्नी!" बिरूला अडवलं तर क्लबाचं नाव कापलं जाणार. नाव कापलं की चौकशी होणार, आबा स्वतः मुंबई गाठणार आणि त्यांचीच सही त्यांच्यासमोर ठेवली जाणार. मी लेखणी हातात धरून नुसता बसलो.

बिरू दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. तो आत आला आणि म्हणाला, "आबा, मला जायाचं हाय."

"काय?"

"म्हमईला. हितं काय हाय? हमाली. तितं बूट देत्यात, पगार देत्यात."

आबांनी विचारलं, "बा तुजा?"

"बगल काय ते त्येचं त्यो."

आबांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "माजं दूध प्यालास रं. जा. ह्या वखारीची पायरी परत चढू नगंस." बिरू खाली वाकला. आबांनी पाय मागं घेतले. मी तिथंच होतो, पत्र मी लिहिलं. बिरूला पाठवत आहोत, कळावे.

बिरू गेल्यावर त्याच्या बापानं मेंढरं पाव्हण्यांच्या हवाली केली आणि त्यांच्याच पडवीत राहिला. दोन पावसाळे सरले तोवर तो वारला. इकडं आबांना एक विषय मिळाला होता. तालमीत नवा गडी आला की ते बिरूची गोष्ट सांगत. बरोबरीत सुटलेली कुस्ती आणि बुटासाठी पळालेला गडी. नमकहराम म्हणत. सांगून झालं की माझ्याकडं वळून म्हणत, "खरं का न्हाई, मास्तर?" आणि मी म्हणत असे, "खरं आहे, आबा." एकदाही मी दुसरं काही म्हणालो नाही.

काही वर्षांनी, आबा वखारीतल्याच खोलीत अंथरुणाला खिळले होते तेव्हा, बिरू आला. दुपारची वेळ होती. मिलनं त्याला दोन मोसम बुटात खेळवला, त्याच्या बोटांची वाट लावली आणि मग सूतखात्यात टाकला. तो वखारीची पायरी चढला नाही. बाहेर उभं राहून त्यानं मला विचारलं, "आत यिऊ का, इचारा." मी आत जाऊन विचारलं. आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "त्येला सांगा, हितं बरोबरीनं लढणारी माणसं बसत्यात. पळणारी न्हाईत."

आणि मी बाहेर येऊन तेही सांगितलं. शब्दाला शब्द.

बिरूनं पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला लागला. मी त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेलो. वाटेत माझा धीर सुटला. म्हटलं, "बिरू, मी आत्ता परत जाऊन सगळं सांगतो आबांना. त्या कागदावर काय होतं ते तुला माहीत नाही."

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. "तवाच कळलं हुतं. वाचताना तुमचं डोळं कागदाव नव्हतंच, आबांच्या तोंडाव हुतं."

मी रस्त्यात थांबलो. "मग तेव्हाच का बोलला नाहीस रे? उजेड होता. खेळता आलं असतं."

बिरूनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, राग असता तर मला सोसला असता.

"मी कसा बोलू मास्तर? मला वाचाय कुटं येतं?"